टवका कुठे उडालाय ते आधी सांगा : निवृत्तीनंतरचा छोटा ऑनलाइन लिलाव

माझा लिलाव शनिवारी रात्री नऊला सुरू होतो आणि दहाला संपतो. त्या एका तासासाठी आधीचे सहा दिवस मी वस्तू पुसते, मोजते, फोटो काढते, वहीत लिहिते आणि पोस्टाच्या रांगेत उभी राहते. म्हणून कुणी म्हणालं, की काकू, ते ऑनलाइन लिलावाचं मलाही शिकवा, तर मी पहिल्यांदा विचारते, नोकरी कुठे केलीत? हिशेब खातं, स्टोअर, पोस्ट, शाळेचं ऑफिस, रेल्वेचं पार्सल ऑफिस असं काही उत्तर आलं तर अर्धं शिक्षण झालेलंच असतं. मी स्वतः एका विमा कंपनीच्या क्लेम खात्यात ३४ वर्षं होते. वस्तूचं नुकसान कुठे आणि किती झालंय ते बघून कागदावर उतरवायचं, हे काम. आता मुलुंडच्या घरात बसून तेच करते. फरक एवढाच, की वस्तू माझ्या असतात.

लिलाव मुंबईकराला नवा नाही. ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव होतो, तिथे कोळणींची बोली कशी चढते ते एकदा जाऊन बघा. लालबागच्या राजाला वाहिलेल्या दागिन्यांचा लिलाव दरवर्षी होतो. लिलाव भिशी तर कित्येक सोसायट्यांत चालते. ऑनलाइनवाल्यांचा मूळपुरुष म्हणजे अमेरिकेतलं ईबे. १९९५ साली ते सुरू झालं तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडकं लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. ते मोडकं आहे हे विक्रेत्याने सांगितलेलं होतं, आणि घेणाऱ्यालाही मोडकंच हवं होतं, कारण तो तीच गोळा करायचा. ही गोष्ट मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम नावाची मुंबईची कंपनी होती. ती २००४ मध्ये ईबेने घेतली आणि २०१८ मध्ये ईबेची भारतातली साइट बंद झाली. तेव्हापासून आपल्याकडची हौशी मंडळी जास्त करून व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपवर बोली लावतात. मी खाली सांगते आहे ते याच ग्रुपवरच्या लिलावाबद्दल. परदेशी विकायचं असेल तर तो वेगळाच खटाटोप आहे, पहिल्या वर्षी त्यात पडू नका.

सुरुवात घरातून

पहिल्या दहा वस्तू विकत आणू नका. घरातल्याच घ्या, किंवा नात्यातलं कुणी पुनर्विकासासाठी खोली रिकामी करत असेल तर तिथे मदतीला जा. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या चाळी पडताहेत आणि त्यांच्या माळ्यांवरून साठ-सत्तर वर्षांचं सामान खाली येतंय. सासूबाईंची गिरगावातली खोली आम्ही रिकामी केली तेव्हा भंगारवाला ताणकाटा घेऊन दारातच उभा होता. पितळ इतके, लोखंड इतके, कागद इतके. कागदाच्या ढिगात एक बुटांचं खोकं होतं आणि त्यात सिनेमाच्या गाण्यांच्या जुन्या पुस्तिका, थिएटरबाहेर दोन-चार आण्याला मिळायच्या त्या. त्याच्या दराने त्या खोक्याचे अकरा रुपये होत होते. भाच्याने फोटो काढून एका ग्रुपवर टाकले आणि रात्रीत १,८५० रुपये आले. माझा धंदा सुरू झाला तो असा, काही ठरवून नव्हे.

आपल्या वयाच्या माणसाला इथे एक गोष्ट आयती मिळालेली असते. आपल्याला वस्तूंची नावं येतात. पंचवीस वर्षांचा मुलगा ‘विंटेज ब्रास पॉट’ लिहून मोकळा होतो. तो फिरकीचा तांब्या आहे, फिरकी उजवीकडे फिरवून उघडते की डावीकडे, आतली कल्हई शिल्लक आहे का, हे तुम्ही लिहू शकता. अडकित्ता, चंची, बुधली, पानाचा डबा, सोऱ्या, कंदिलाची काच, पिनांचा स्टोव्ह. हे शब्द घालून शोधणारे लोक आहेत आणि त्यांना बाजारात हे शब्द सापडत नाहीत.

काय खपतं? माझा अनुभव सांगते. काड्यापेटीची लेबलं, जुनी पोस्टकार्डं, एनॅमलची भांडी, बिस्किटांचे आणि चहाचे पत्र्याचे डबे, चावीची घड्याळं, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं मेकॅनिकल मीटर. ट्रामचं तिकीट सापडलं तर जपून ठेवा, मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, त्यामुळे ती तिकिटं आता नव्याने होणार नाहीत. स्टीलची भांडी, शोकेसमधल्या काचेच्या वस्तू, शाली, लग्नातले आहेर हे कुणी घेत नाही. ते बोहारणीकडेच जाऊ द्या.

नाण्यांबद्दल सगळेच विचारतात. १९५७ ते १९६४ मधली ‘नये पैसे’ लिहिलेली नाणी घरोघरी असतात आणि त्यांना किरकोळ भाव येतो. सालाखालची टांकसाळीची खूण बघायला शिका: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याची कोरी. एकाच सालाच्या दोन नाण्यांचे भाव या खुणेवरून बदलतात. आणि ट्रॅक्टरवाल्या पाचाच्या नोटेचे लाखो रुपये मिळतात, ७८६ नंबरची नोट रिझर्व्ह बँक विकत घेते, असले व्हिडिओ आले तर पुढे पाठवूसुद्धा नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं, की आमच्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांसाठी फी किंवा कमिशन मागणारे ठग आहेत, आमचा अशा व्यवहारांशी संबंध नाही.

काय विकायचं नाही

हा भाग घाईत वाचू नका, इथे चूक झाली तर पोलीस येतात.

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कलावस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि देशाबाहेर ती पाठवता येत नाही. हस्तलिखिताला तर शंभर नाही, पंचाहत्तर वर्षंच पुरतात. देवघरातल्या लाल फडक्यात बांधलेली हाताने लिहिलेली पोथी यात बसू शकते. अशी पोथी माझ्याकडे आणतात, तेव्हा मी त्यांना दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेत विचारायला सांगते.

दुसरी गोष्ट वाघनखाची. कोकणातल्या बऱ्याच घरांत आजोबांच्या किंवा बाळाच्या गळ्यातलं सोन्यात मढवलेलं वाघनख असतं. हस्तिदंताची फणी, हस्तिदंती मुठीची काठी, बिबट्याचं कातडं हेही असतं. वन्यजीव संरक्षण कायद्याने याची विक्री गुन्हा आहे. ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे आपणच पुरावा देणं. वनखात्याचे लोक असे ग्रुप बघत नाहीत अशा भ्रमात राहू नका.

बाहेरून माल आणताना

घरातलं संपलं, की माणूस रद्दीच्या दुकानाकडे वळतो. मुलुंड, भांडुप, ठाणे इथल्या चार रद्दीवाल्यांना मी नंबर देऊन ठेवलाय. त्यांना जुनं ते सगळं सोनं वाटू नये म्हणून काय हवंय त्याचे फोटोच देऊन ठेवलेत. मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात जरूर जा, पण पहिले तीन वेळा पाकीट घरी ठेवून जा. शुक्रवारी पक्की दुकानं बंद असतात, तेव्हा पहाटेपासून रस्त्यावर माल लागतो. तिथे घाई आणि अंधार, दोन्ही विकणाऱ्याच्या बाजूने.

मनगटी घड्याळं घेताना फार सांभाळा. जगभरच्या घड्याळप्रेमींमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा शब्द आहे आणि तो काही कौतुकाचा नाही. डायल नव्याने रंगवलेली, आतलं मशीन एकाचं, काटे दुसऱ्याचे, केस तिसरीच, अशा घड्याळाला ते म्हणतात. एचएमटीची ‘जनता’ म्हणून मी एक घेतलं होतं, डायल अगदी टवटवीत केशरी. एचएमटीने त्या रंगात ‘जनता’ काढलंच नव्हतं, असं ग्रुपवरच्या एका मुलाने दोन मिनिटांत सांगितलं. ते मी ‘डायल पुन्हा रंगवलेली, चालू आहे’ असं लिहून पुन्हा लावलं. घेतलं त्यापेक्षा ९० रुपये कमी आले, पण माल गेला. राजा रविवर्म्यांच्या छापचित्रांचंही तेच. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्या चित्रांच्या नव्या छपाया इतक्या आहेत, की जुन्या फ्रेममध्ये घातल्या की भले भले फसतात. भिंगातून बघितल्यावर बारीक ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई समजा.

फोटो आणि वर्णन

आता खरं काम. वस्तू घासू नका. हे वाक्य मी चढ्या आवाजात लिहिते आहे असं समजा. पहिल्या वर्षी मी एक पितळी समई चिंच लावून अशी लख्ख केली, की आरशासारखी दिसायला लागली. फोटो टाकल्याबरोबर धुळ्याच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, “काकू, घासलीत का?” पुढे बोलीच आली नाही. पितळेवर, तांब्यावर वर्षांनुवर्षं चढलेला तो काळसर-तपकिरी थर हेच गोळा करणाऱ्यांना हवं असतं. धूळ मऊ ब्रशने झाडा, कोरड्या फडक्याने पुसा, बस्स.

फोटोसाठी स्टुडिओ लागत नाही. सकाळी नऊ ते अकरा, गॅलरीच्या दाराशी, ऊन थेट न पडणारा उजेड, खाली पांढरी चादर. वस्तूशेजारी शाळेची १५ सेंटिमीटरची पट्टी ठेवा, म्हणजे आकाराबद्दल वाद होत नाही. समोरून, मागून, तळ, आतून, असलेला शिक्का किंवा नाव, आणि शेवटी दोष. दोषाचा फोटो सगळ्यांत जवळून, सगळ्यांत स्पष्ट.

वर्णन कसं लिहायचं ते माझ्या वहीतूनच देते (लॉट म्हणजे लिलावाला लावलेला नग, बेस म्हणजे बोली जिथून सुरू होते ती किंमत):

“लॉट ११२. एनॅमलचा तीन पुडांचा डबा, पांढरा, निळी कड. उंची २१ सेंमी, व्यास १२ सेंमी, वजन ७४० ग्रॅम. कडी घट्ट बसते. मधल्या पुडाच्या काठाला दोन टवके, मोठा सव्वा सेंमी, तिथे गंज (फोटो ५). खालच्या पुडाला बाहेरून पोचा, ठेवल्यावर डगमगत नाही. तळाला शिक्का आहे पण वाचता येत नाही. साल माहीत नाही. बेस ३०० रुपये, बोली ५० च्या पटीत. पोस्टेज वेगळं.”

‘साल माहीत नाही’ लिहायला लोक लाजतात. आजीचं आहे म्हणजे १९३० चं, असं ठोकून देतात. तसं करू नका. साल कळण्याचे मार्ग असतात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, वास्तुशांत, मौंज, लग्न, खाली तारीख. तो एक ओळीचा मजकूर तुमच्या वस्तूचा जन्मदाखला आहे, त्याचा नीट फोटो घ्या. आडनाव असेल आणि घरच्यांची हरकत असेल तर ते झाका, तारीख झाकू नका.

दोष आधी सांगितल्याने भाव पडतो असं नव्याने आलेल्यांना वाटतं. मी सहा वर्षांची वही काढून बघितली. दोषाचा फोटो टाकलेल्या वस्तूंना बोली कमी आलेल्या नाहीत, परत मात्र जवळजवळ काही आलं नाही. सुरुवातीच्या आठ महिन्यांत मी दोष ‘विचारलं तर सांगू’ अशा बेताने वागत होते, त्या काळात सात वस्तू परत आल्या, दोन्ही वेळचं पोस्टेज माझं. क्लेम खात्यात आयुष्य घालवलेल्या बाईने हे करावं! आमचे हे अजून चिडवतात.

बेस प्राइस, आणि लिलाव कधी करूच नये

भाव बघताना लोकांनी काय मागितलंय ते बघू नका, काय मिळालंय ते बघा. विकायला लावलेल्या वस्तूवर कुणी पन्नास हजारही लिहील. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ वेगळ्या बघता येतात. ग्रुपवर जुने लिलाव स्क्रोल करून शेवटच्या बोल्या वहीत उतरवून घ्या. महिनाभर फक्त एवढंच करा, एकही वस्तू लावू नका.

लिलावाला किमान दोन माणसं लागतात, दोघांनाही तीच वस्तू हवी असणारी. फिरकीचा तांब्या मागणारे पाच आहेत, तर बेस कमी ठेवा, गर्दी जमते आणि भाव आपला आपण वर जातो. टॅक्सीच्या मीटरचा वेडा मात्र एकच असतो. त्याच्यासाठी लिलाव लावला तर तो बेसवर उचलून नेईल. अशा वस्तूला सरळ ठरलेला भाव लिहा. आणि जी वस्तू अमुक रुपयांखाली द्यायचीच नाही, तिचा बेसच तेवढा ठेवा. मनात वेगळा आकडा धरून नंतर ‘रिझर्व्ह लागला नाही’ म्हटलं, की लोक पुढच्या वेळी येत नाहीत.

वार-वेळेचं म्हणाल तर महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांतला शनिवार-रविवार, रात्री नऊनंतर. भारताची मॅच असेल त्या दिवशी नको. गणपतीच्या दहा दिवसांत मी दुकान बंदच ठेवते. पितृपक्षात लोक नवीन काही घेत नाहीत, जुनं मात्र घेतात, हे मला माझ्या वहीनेच सांगितलं.

नियम लिहून ठेवा, आणि पाळा

ग्रुपच्या माहितीत नियम लिहा: बोलीची पट, वेळ, पैसे किती तासांत, पोस्टेज कुणाचं, परत घेणार का. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी पुढे जाईल, हा नियम हवाच. ईबेवर घड्याळ ठरल्या सेकंदाला थांबतं, म्हणून तिथे लोक शेवटच्या दोन सेकंदांत झडप घालतात. आपल्याकडे नेट अडखळतं, कुणी लोकलमध्ये असतो, त्याला वेळ मिळाला पाहिजे. जुन्या पद्धतीचं ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणण्यात हीच सोय होती.

काही जण खाजगीत निरोप पाठवतात, “काकू, मी गाडी चालवतोय, हजारपर्यंत माझ्या नावाने लावा.” मी नाही म्हणते. गिऱ्हाईक कुठवर जाईल हे विकणाऱ्याला कळलं, की हात शिवशिवतात. ईबेवर हे काम संगणक करतो, त्याला हाव नसते.

आपल्याच भाच्याला बोली लावायला बसवून भाव चढवणारे आहेत. हे नुसतं वाईट नाही, बेकायदा आहे. वस्तुविक्री कायदा १९३० चा, कलम ६४: विक्रेत्याने स्वतः बोली लावायचा हक्क आधी जाहीर राखून ठेवला नसेल, तर त्याला किंवा त्याच्या माणसाला बोली लावता येत नाही, आणि खोट्या बोलीने किंमत चढवली असेल तर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. त्याच कलमात असंही आहे, की हातोडा पडेपर्यंत बोली लावणारा माघार घेऊ शकतो. म्हणून मी दहा वाजता ‘सोल्ड’ लिहून नाव टाकते, तो माझा हातोडा.

आता खोट्या बोलीवाल्याचा प्रश्न, कारण तो तुमच्याकडे पहिल्या महिन्यातच येणार. मघाचा तो लॉट ११२ च घ्या. नाशिकच्या ताईंनी ६०० लावले, पुण्याच्या एकाने ६५०, ताईंनी ७००. पुणेकर थांबला. मग एक नवा नंबर आला: ७५०. ताई ८००, तो ९००, ताई ९५०, तो १,०००. सोल्ड. सकाळी त्याचा फोन बंद. ग्रुपवरचे बहुतेक जण अशा वेळी दुसऱ्या नंबरला म्हणतात, तुमची शेवटची बोली ९५० होती, त्या भावाला घ्या. मी त्या रात्री वहीत बोल्या एकाखाली एक लिहून बघितल्या. तो माणूस आलाच नसता तर डबा ७०० ला गेला असता. वरचे अडीचशे एका भुताने चढवले होते. मी ताईंना ७०० ला दिला. पुढच्या दिवाळीला त्यांनी त्यांच्या दोन बहिणी ग्रुपवर आणल्या, त्यातली एक तर काड्यापेटीची लेबलं शंभराच्या गठ्ठ्याने घेते.

त्या नंबरला मी काढून टाकलं. आता नव्या माणसाला पहिल्या तीन खरेद्या होईपर्यंत ५०० च्या वर बोली लावता येत नाही.

पैसे

पेन्शनच्या खात्यावर यूपीआय जोडू नका. वेगळं बचत खातं उघडा, त्यात दोन-तीन हजारांच्या वर ठेवू नका, दर सोमवारी बाकीचे काढून मुख्य खात्यात टाका. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्याशिवाय वस्तू खोक्यातही घालू नका.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन फक्त देताना लागतो. “मी फौजेत आहे, आमची पैसे पाठवायची पद्धत वेगळी असते” असा फोन आला, फोटोत गणवेश आणि ओळखपत्र आलं, की समजा. मला दोनदा आलाय. त्यांना वस्तूची किंमत कमी करून नको असते, दोषाबद्दल प्रश्न नसतात, वस्तू नीट बघितलेलीही नसते, ओळखण्याची खूण हीच. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. कायद्याचं सालही १९३०, हेल्पलाइनही १९३०, लक्षात ठेवायला बरं.

कुणी हातात घ्यायला येणार असेल तर घरी बोलावू नका. मी मुलुंड स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी भेटते, नाहीतर दादरला इंडिकेटरखाली. दुपारी, गर्दीत.

खोकं आणि पोस्ट

पॅकिंगचा माल मशीद बंदरला घाऊक मिळतो, पण महिन्याला वीस खोकी असतील तर किराणावाल्याकडची बिस्किटांची खोकीच बरी. एनॅमलचे पूड एकात एक घालून पाठवू नका, टवके तिथेच उडतात. प्रत्येक पूड वेगळा गुंडाळा, मधे पुठ्ठा, खोकं हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडा. कागदी वस्तू आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग दोन कडक पुठ्ठ्यांत. जून ते सप्टेंबर मुंबईत कागद नुसता ठेवला तरी दमट होतो. जुनी तिकिटं एकमेकांना चिकटतात, पोस्टकार्डांना कसर लागते. माझा कागदी माल पावसाळ्यात स्टीलच्या डब्यात असतो, आत सिलिका जेलच्या पुड्या.

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, स्पीड पोस्टातच मिसळलं. त्यानंतरच्या ऑक्टोबरपासूनच्या दराने ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला शहरातल्या शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७, वर जीएसटी. आणखी ५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी भरला, की ओटीपी सांगितल्यावरच पाकीट हातात देतात. लेबलं-पुस्तिका पाठवताना ते मी घेतेच. बांधताना फोटो, पावतीचा फोटो, दोन्ही गिऱ्हाइकाला त्याच दिवशी.

कर

स्वतःच्या घरातली जुनी भांडी विकणं वेगळं आणि विकण्यासाठी आणून विकणं वेगळं. दुसरं सुरू झालं, की तो धंदा. तीन गोष्टी सीएला विचारून घ्या. एक, पेन्शनर म्हणून ‘सहज’ फॉर्म भरत असाल तर धंद्याच्या उत्पन्नाला तो चालत नाही, छोट्या धंद्याच्या अनुमानित योजनेत ‘सुगम’ भरावा लागतो. त्यात खात्यात जमा झालेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरतात. दोन, साठीच्या पुढच्यांना आगाऊ कर भरावा लागत नाही ही सवलत धंद्याचं उत्पन्न नसेल तरच असते. कर १० हजारांच्या वर निघत असेल तर या योजनेत तो १५ मार्चपर्यंत भरायचा. तीन, जीएसटी. वस्तूंच्या विक्रीला आपल्या राज्यात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण माल राज्याबाहेर विकला तर ही सवलत नाही. माझ्या ग्रुपच्या नियमांत पहिलीच ओळ ‘डिलिव्हरी फक्त महाराष्ट्रात’ अशी आहे, ती यामुळे. बेळगावच्या एका सद्गृहस्थांचा त्यावर अजून राग आहे.

उरतं किती

लॉट ११२ चाच हिशेब. रद्दीवाल्याला १८० दिले, विक्री ७००, पॅकिंग ३५, रिक्षा-लोकल ६०. उरले ४२५. पुसणं, फोटो, वर्णन, बोली, ते फोन बंद असलेलं प्रकरण, पोस्ट मिळून साडेतीन तास. तासाला १२० च्या आसपास. महिन्याला वीस-पंचवीस लॉट जातात आणि सात ते नऊ हजार उरतात. यावर घर चालवायचं असेल तर हा धंदा करू नका. आणि माल एका कपाटाच्या बाहेर जाऊ देऊ नका. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात दुसरं कपाट घेतलं, की घरातलं माणूस बोलायचं बंद होतं.

वहीत प्रत्येक लॉटपुढे चार रकाने असू द्या: कुठून आला, कितीला, कितीला गेला, काय दोष. मी पाचवा घातलाय, ‘अंदाजे भाव’, न विकलेल्या मालासाठी. वही कुठे आहे, ग्रुपचा दुसरा ॲडमिन कोण, त्या वेगळ्या खात्याला वारस कोण, हे लेकीला दाखवून ठेवलंय. उद्या माझं काही झालं तर ती कपाट उघडेल आणि खाली भंगारवाला ताणकाटा घेऊन उभा असेल. त्याने कितीला मागितलं तर ‘नाही’ म्हणायचं, ते पाचव्या रकान्यात आहे.